जेएनयूला चाललात? मग तिथली स्टुडंट्स युनियन आधी नीट समजून घ्या

दरवर्षी महाराष्ट्रातून बरीच मुलंमुली दिल्लीच्या जेएनयूला, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात येतात, कोणी नांदेडहून, कोणी कोल्हापूरहून, कोणी पुण्यात ग्रॅज्युएशन करून, आणि पहिल्याच आठवड्यात एकच प्रश्न असतो की ताई हे युनियनचं प्रकरण नेमकं काय आहे, यात पडायचं का लांब राहायचं, घरचे तर म्हणालेत राजकारणात अजिबात पडू नकोस. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. कुठल्या संघटनेला मत द्यायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण युनियन चालते कशी, ती आली कुठून आणि नवीन माणसाने त्यात शिरायचं कुठून, एवढं सविस्तर सांगते. आपली मुलं इथे दोन-दोन वर्षं काढतात आणि एकाही जीबीएमला, म्हणजे युनियनच्या सर्वसाधारण सभेला बसत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यात त्यांचा दोष नाही हेही सांगते. आपल्याकडे महाराष्ट्रात कॉलेज निवडणुकांची सवयच मोडली. १९८९ मधे मुंबईत निवडणुकीच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आधीच कॉलेज निवडणुकांमधली मारामारी वाढलेली होती, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका गेल्या. मग मार्कांवर सीआर (वर्ग प्रतिनिधी), सीआरमधून यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), असं चालू झालं. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली खरी, पण प्रत्यक्षात त्या लांबतच गेल्या. म्हणजे आज तुम्ही वीस-बावीस वर्षांचे असाल तर कॉलेजात स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर शिक्का मारलेला तुमच्या ओळखीत बहुतेक कोणी नसेल, असलेच तर आईवडील किंवा काका.

पायरी १ : रचना समजून घ्या

युनियनला सगळे जेएनयूएसयू म्हणतात. तुम्ही रेग्युलर विद्यार्थी म्हणून रजिस्टर झालात की मेंबर झालात, वेगळा फॉर्म वगैरे नाही. वर चार पदं असतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, जनरल सेक्रेटरी आणि जॉइंट सेक्रेटरी, याला सेंट्रल पॅनल म्हणतात आणि ही चारही पदं पूर्ण कॅम्पस थेट निवडतो. त्याच्या जोडीला प्रत्येक स्कूलमधून काउन्सिलर निवडून येतात. इथे डिपार्टमेंटला सेंटर म्हणतात आणि अनेक सेंटर मिळून एक स्कूल, उदाहरणार्थ स्कूल ऑफ सोशल सायन्सेस, स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, आणि भाषांचं मोठं स्कूल. तुम्हाला रोज उपयोगी पडणारा माणूस म्हणजे तुमच्या स्कूलचा काउन्सिलर, अध्यक्ष नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याचं किंवा तिचं नाव आणि नंबर मिळवा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगते. या युनियनची घटना विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली आहे, १९७१ च्या सुमाराची, आणि निवडणूक घेणारं इलेक्शन कमिशनसुद्धा विद्यार्थ्यांचंच असतं. मतदार यादी बघणं, फॉर्म छाननी, बूथ, मतमोजणी, सगळं विद्यार्थी करतात, आणि कमिशनमधे बसलेली मुलं त्या काळात कुठल्याच बाजूने प्रचार करत नाहीत. आपल्या बरोबरीच्या पोरांवर एवढा भरवसा ठेवणारी पद्धत मी दुसरीकडे बघितलेली नाही. घटनेची कॉपी कोणाकडेही मिळते, काही पानंच आहेत, एका बैठकीत वाचून होतात. वाचाच. पुढे जीबीएममधे कोणी "हे घटनेत नाही" असं ठणकावून सांगितलं तर ते खरं की खोटं हे तुम्हाला कळलं पाहिजे.

पायरी २ : थोडा इतिहास, नाहीतर भाषणं डोक्यावरून जातात

विद्यापीठाचा कायदा १९६६ चा, कामकाज १९६९ ला सुरू. युनियनच्या सुरुवातीच्या अध्यक्षांमधे डाव्या विचाराचे, पुढे माकपचे नेते झालेले प्रकाश करात होते, त्यांच्यानंतर १९७४ मधे समाजवादी विचाराचे आनंद कुमार निवडून आले. हे मुद्दाम सांगतेय, कारण बाहेर असा समज आहे की इथे कायम एकाच विचाराचे लोक जिंकतात. तसं झालेलं नाही. फ्री थिंकर्स नावाचा गट होता, त्यांचेही अध्यक्ष झाले, आणि २००० मधे अभाविपचे संदीप महापात्रा अध्यक्ष झाले होते.

आणीबाणीत अध्यक्ष होते डी. पी. त्रिपाठी. युनियनच्या एका निवडून आलेल्या काउन्सिलर मुलीला विद्यापीठाने काढून टाकलं म्हणून सप्टेंबर १९७५ मधे तीन दिवसांचा संप चालू होता, आणि २५ सप्टेंबरला पोलिसांनी भाषांच्या स्कूलसमोरून एका विद्यार्थ्याला गाडीत कोंबून नेलं. त्यांना त्रिपाठी हवे होते, हाती लागले प्रबीर पुरकायस्थ. त्यांना वर्षभर तुरुंगात काढावं लागलं. त्रिपाठींनाही नंतर अटक झाली. हेच त्रिपाठी पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमधे आले आणि २०१२ मधे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, म्हणजे आपल्याकडच्या अनेकांनी ज्यांना पवारसाहेबांबरोबर बघितलंय ते हेच.

मग १९७७. मार्चमधे इंदिरा गांधी निवडणूक हरल्या पण जेएनयूच्या कुलपती तेव्हाही त्याच होत्या. सप्टेंबरमधे विद्यार्थी मोर्चा घेऊन थेट त्यांच्या घरी गेले आणि अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी राजीनाम्याची मागणी करणारं निवेदन त्यांच्यासमोर उभं राहून वाचून दाखवलं, त्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर त्यांनी कुलपतीपद सोडलं. हा फोटो व्हॉट्सॲपवर भलत्याच मजकुराबरोबर फिरतो, की आणीबाणीत येचुरींना माफी मागायला लावली वगैरे. ते खोटं आहे, फोटो आणीबाणी संपल्यानंतरचा आहे आणि कागदावर माफी नाही, मागणी होती. घरच्या ग्रुपवर आला तर शांतपणे तारीख सांगा.

१९८३ चं साल जुने लोक अजूनही काढतात. हॉस्टेलमधल्या एका कारवाईवरून सुरू झालेलं प्रकरण कुलगुरूंच्या घेरावापर्यंत गेलं, पोलीस कॅम्पसमधे आले आणि शेकडो विद्यार्थी तिहारमधे गेले. त्यात एक एमएचा विद्यार्थी होता अभिजित बॅनर्जी, साधारण दहा दिवस आत होता. २०१९ मधे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, मराठी. त्या वर्षी नवीन प्रवेशच झाले नाहीत. आणि त्यानंतर एक फार मोलाची गोष्ट गेली, मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना प्रवेशात मिळणारे वाढीव गुण. ते परत मिळवायला युनियनला १९९० च्या दशकापर्यंत झगडावं लागलं. गडचिरोली किंवा बीडसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला दिल्लीत जागा मिळणं हे अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या मागण्यांवर ठरतं. टीव्हीवर घोषणा दिसतात, पण युनियनचं खरं काम प्रवेशाचे गुण, मेसचं बिल, फेलोशिप आणि हॉस्टेलच्या खोल्या हेच राहिलेलं आहे.

त्याच दशकात चंद्रशेखर प्रसाद लागोपाठ दोनदा अध्यक्ष झाले, १९९४ आणि १९९५ मधे, मग बिहारमधे आपल्या गावाकडे सिवानला काम करायला गेले आणि ३१ मार्च १९९७ ला भर चौकात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कॅम्पसमधे त्यांना चंदू म्हणतात. भाषणात नुसतं "चंदू" ऐकलंत तर ते हे.

अलीकडचं पटकन सांगते. विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात यावरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने २००६ मधे लागू केल्या, जेएनयूची निवडणूक त्यात बसत नाही म्हणून २००८ मधे स्थगिती आली आणि पुढची निवडणूक थेट मार्च २०१२ मधे झाली. २०१५ मधे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नेट परीक्षा पास नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचं ठरवलं तेव्हा मुलं आयटीओजवळच्या यूजीसी ऑफिसबाहेर दिवसरात्र बसली. फेब्रुवारी २०१६ ला अध्यक्ष कन्हैया कुमारला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक, ते तुम्हाला माहीत असेलच. २०१९ मधे हॉस्टेलची फी, सिंगल रूमचं भाडं २० रुपयांवरून ६०० करायचा प्रस्ताव आला आणि मोठं आंदोलन झालं, काही वाढ मागे घेतली गेली. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तोंडं झाकलेल्या जमावाने हॉस्टेलांमधे घुसून मारहाण केली, अध्यक्ष आयशी घोषचं डोकं फुटलं. कोविडनंतर पुढची निवडणूक मार्च २०२४ मधे झाली, सुमारे ७३ टक्के मतदान, आणि धनंजय अध्यक्ष झाले, १९९६ च्या बत्ती लाल बैरवांनंतरचे पहिले दलित अध्यक्ष.

पायरी ३ : पहिला आठवडा

ॲडमिशनच्या दिवशी जवळपास सगळ्याच संघटनांचे हेल्प डेस्क लागलेले असतात. ज्या टेबलवर जागा दिसेल तिथे जा, मदत घेतल्याने कोणाला बांधील होत नाही. कागदपत्रं, हॉस्टेलचा फॉर्म, कुठल्या खिडकीवर कुठला शिक्का, हे सगळं सिनियर मुलंच समजावून सांगतात.

हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत, त्यामुळे कोयना, गोदावरी, चंद्रभागा, ताप्ती अशी नावं ऐकून आपल्या माणसाला जरा बरं वाटतं, गोव्याच्या मुलांसाठी मांडवीसुद्धा आहे. हॉस्टेल मिळालं की (लगेच मिळेलच असं नाही, वेटिंग असतं) मेसमधे जेवायला बसताना टेबलवर पडलेली पत्रकं उचला. इथे त्याला पर्चा म्हणतात. पर्चा वाचायची एक पद्धत सांगते: आधी खाली बघा कुठल्या संघटनेचा आहे, मग मागणी काय आहे आणि ती कोणाकडे केलीय ते बघा, आणि त्याच विषयावरचा दुसऱ्या संघटनेचा पर्चा मिळवून शेजारी ठेवून वाचा. दोन-तीन आठवडे हे केलंत की कॅम्पसमधे वाद कशावर चाललेत हे आपोआप कळायला लागतं.

मराठी माणसं शोधायची असतील तर ती गंगा ढाब्यावर सापडतातच, शिवाय २०२५ पासून कुसुमाग्रजांच्या नावाचं मराठी अध्यासन केंद्रही सुरू झालंय. जरूर भेटा. पण पूर्ण दोन वर्षं फक्त मराठी घोळक्यातच काढू नका, कळकळीने सांगतेय.

पायरी ४ : संघटना ओळखा, घाईने सही करू नका

आयसा, एसएफआय, एआयएसएफ आणि डीएसएफ या डाव्या संघटना, कधी एकत्र लढतात कधी एकमेकांविरुद्ध. अभाविप आपल्याला महाराष्ट्रातून माहीतच असते. एनएसयूआय काँग्रेसची. आणि बापसा, म्हणजे बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशन, ही २०१४ मधे याच कॅम्पसमधे सुरू झाली, फुले-आंबेडकरांचं नाव घेऊन दिल्लीत उभी राहिलेली संघटना म्हणून आपल्याकडच्या मुलांना तिच्याबद्दल फार कुतूहल असतं. २०२४ मधे त्यांच्या प्रियांशी आर्य जनरल सेक्रेटरी झाल्या. एप्रिल २०२५ मधे अभाविपचे वैभव मीणा जॉइंट सेक्रेटरी झाले, २०१५ नंतर त्यांना सेंट्रल पॅनलवर मिळालेली ती पहिली जागा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे परत चारही पदं डाव्या आघाडीकडे गेली. म्हणजे इथे काहीच कायमचं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या महिन्यात मेंबरशिप फॉर्म भरू नका. प्रत्येकाच्या एकेका मीटिंगला, सभेला जाऊन बसा. जे तुम्हाला अजिबात पटत नाहीत त्यांच्याकडे तर नक्की जा. नंतर ठरवा, किंवा कुठेच जाऊ नका, अपक्ष राहूनही युनियनमधे भरपूर करता येतं.

पायरी ५ : जीबीएमला बसा

जीबीएम म्हणजे जनरल बॉडी मीटिंग, सर्वसाधारण सभा. स्कूलची असते आणि पूर्ण विद्यापीठाची असते, तिला यूजीबीएम म्हणतात. युनियनचं सगळ्यात वरचं अधिकारपीठ अध्यक्ष नसून ही सभा असते, संप करायचा का, किती दिवस, कशावर तडजोड करायची, हे हात वर करून इथे ठरतं. रात्री जेवणानंतर सुरू होते आणि पहाटेपर्यंत जाऊ शकते. नवीन मुलं अकरा-साडेअकराला कंटाळून उठून जातात आणि खरं मतदान होतं दोन वाजता, मग दुसऱ्या दिवशी म्हणतात की हे असं कसं ठरलं. त्यामुळे दुपारी झोप काढा, पाण्याची बाटली घ्या, नोव्हेंबरनंतर असेल तर शाल घ्या, दिल्लीची थंडी आपल्याला झेपत नाही.

ठराव मांडला जातो, दुरुस्त्या येतात, बाजूने आणि विरोधात भाषणं होतात. बोलायचं असेल तर सुरुवातीलाच चेअरकडे नाव द्या. भाषेची लाज बाळगू नका, हे मी खास आपल्या मुलांसाठी लिहितेय. आपलं हिंदी ऐकून कोणी तरी हसेल ही भीती फार असते, पण इथे मणिपूरपासून केरळपर्यंतची मुलं आपापल्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलतात आणि लोक ऐकून घेतात. कागदावर तीनच मुद्दे लिहा: अडचण काय, कोणाला होते, सभेने काय करावं. दोन मिनिटांत बोलून खाली बसा. लांबलचक भाषणांनंतर असं थोडक्यात बोलणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पायरी ६ : निवडणुकीचे दिवस

प्रचार हाताने रंगवलेल्या पोस्टरवर, पर्च्यांवर आणि मेसमधल्या भाषणांवर चालतो. लिंगडोहच्या नियमांनी छापील पोस्टरना बंदी आहे आणि एका उमेदवाराला ५,००० रुपयांच्या वर खर्च करता येत नाही. रात्री जेवण झालं की उमेदवार मेसमधे येतात, बोलतात, प्रश्न घेतात. शेवटच्या टप्प्यात स्कूल जीबीएम होतात, तिथे जुन्या काउन्सिलरना वर्षभरात काय केलं ते सांगायला लागतं. ही सभा चुकवू नका, तुमच्या स्कूलचा पंखा-पाणी-लायब्ररीचा हिशोब इथेच होतो.

मग प्रेसिडेन्शियल डिबेट. अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार एका मंचावर, आधी भाषण, मग एकमेकांना प्रश्न, मग समोर बसलेल्यांचे प्रश्न. वर्षानुवर्षं झेलम हॉस्टेलच्या लॉनवर व्हायची ती म्हणूनच प्रसिद्ध झाली. डफल्या, घोषणा, झेंडे, मागे उभं राहिलात तर काहीही ऐकू येणार नाही, म्हणून दोन तास आधी जाऊन पुढे बसा. पॅलेस्टाईनपासून मेसच्या डाळीपर्यंत सगळं निघतं. मला विचाराल तर दुसरी फेरी सगळ्यात बघण्यासारखी, तिथे पाठ केलेलं भाषण उपयोगी पडत नाही.

त्यानंतरचा दिवस प्रचारबंदीचा. मतदान आपापल्या स्कूलच्या बूथवर, कागदी मतपत्रिकेवर, सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत. आयडी कार्ड लागतं, ते आदल्या रात्रीच बॅगेत टाका. चार मतं सेंट्रल पॅनलची आणि शिवाय काउन्सिलरची, नोटा पण असतो. काउन्सिलरच्या मतपत्रिकेकडे दुर्लक्ष करू नका, कारण तिथे पाच-दहा मतांनी निकाल फिरतो.

मतमोजणी दीड-दोन दिवस चालते. बाहेर रात्रभर मुलं बसलेली असतात, कमिशनचा माणूस येऊन आकडे वाचतो आणि तेवढ्यापुरती सगळीकडे शांतता होते. एक रात्र तरी तिथे काढा.

पायरी ७ : स्वतः काही करायचं असेल तर

एकदम सेंट्रल पॅनलचं स्वप्न बघू नका. हॉस्टेलची स्वतःची कमिटी असते, त्यात मेस सेक्रेटरी होऊन बघा, भाजीचे भाव, बिलं आणि दीडशे-दोनशे जणांच्या तक्रारी हाताळल्या की पुढचं सगळं सोपं वाटतं. किंवा सेंटरमधली स्टुडंट-फॅकल्टी कमिटी, जिथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि गाइड मिळण्याचे प्रश्न प्राध्यापकांसमोर बसून मांडायचे असतात. मग काउन्सिलर. वयाची अट लक्षात ठेवा, लिंगडोहच्या मूळ शिफारशीत पदवीला २२, पदव्युत्तरला २४-२५ आणि संशोधकांना २८ अशी मर्यादा आहे, जेएनयूला पुढे यात थोडी सवलत मिळाली, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची कमिशनची नोटीस वाचा.

धोकेही सांगायला हवेत. २०२३ च्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींच्या १०० मीटरच्या आत धरणं धरलं तर २०,००० रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. नोटीस आली तर एकट्याने उत्तर देऊ नका, काउन्सिलरला आणि जमलं तर कायदा शिकणाऱ्या एखाद्या सिनियरला दाखवून मगच लेखी द्या. घरी आधीच सांगून ठेवा की युनियन म्हणजे काय आणि तुम्ही त्यात काय करता, त्यांना बातम्यांमधून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं केव्हाही चांगलं. माझ्या आईला मेसच्या बिलाचा विषय समजावला तेव्हा तिची अर्धी काळजी तिथेच गेली.

पायरी ८ : निकालानंतर

इथे बहुतेक जण गायब होतात आणि खरं तर इथूनच काम असतं. तुमची अडचण असेल, फेलोशिप तीन महिने अडकलीय, खोलीत पाणी गळतंय, लायब्ररीत व्हीलचेअर जात नाही, तर तोंडी सांगून सोडू नका. एका पानावर अर्ज लिहा, तारीख टाका, त्याच अडचणीतल्या आणखी लोकांच्या सह्या घ्या, ऑफिसात दिलेल्या कॉपीवर पोच घ्या, आणि त्याचा फोटो काउन्सिलरला पाठवा. आठ दिवसांत काही हललं नाही तर काउन्सिलरला सोबत घेऊन परत जा. तरीही नाही झालं तर पुढच्या स्कूल जीबीएमच्या अजेंड्यावर तो विषय घ्यायला सांगा, आणि त्या रात्री तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.